चार बोल्टांचं झाकण

लोणखेड्याच्या लोटन मिस्तरीचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते, आणि ते बन्सीलाल पाटलाच्या विहिरीनंच खाल्ले, असं तो भेटेल त्याला सांगे. ते खोटंही नव्हतं. पंप विहिरीतल्या ओट्यावर बसवलेला. त्याचा चामड्याचा वायसर, म्हणजे वॉशर, तळहाताएवढा, पण तो बदलायचा तर लोटननं पायऱ्या उतरून पंप सोडायचा आणि आठ माणसं लावून अख्खा दोरानं वर ओढायचा. म्हणजे नखाच्या दुखण्याला बैल उचलायचा!

म्हणून त्रेसष्ट सालच्या दिवाळीत लोटननं महिनाभर खपून पंपाला नवं झाकण केलं. चार बोल्ट, चारी एकाच मापाचे, एकच पाना. झाकण काढलं की वायसर हाताशी. आता घरचं कुणीही करील, आपण सुटलो, असं त्याला वाटलं.

वैशाखात बोलावणं आलंच. तीन दिवस पाणी नाही, केळीनं माना टाकलेल्या. पायरीपायरीला शिव्या घालत लोटन खाली उतरला आणि पाहतो तर काय, बोल्टांची टोकं घणानं ठेचून चपटी केलेली. पाना फिरणार कसा?

बन्सीलालनं वरूनच खुलासा केला. "सोपं उघडनं ते चोरबी ली जाई, लोटन."

लोटनला रागसुद्धा धड येईना, इतका तो थकला होता. "भाऊ, चोर एकदाव येई. वायसर दरसाल झिजस."

दुपार टळेपर्यंत त्यानं छन्नीनं बोल्ट तोडले, वायसर बदलला, नवे बोल्ट लावले. इंजिन चालू झालं, पाटात पाणी आलं. पण लोटनला पायऱ्या चढवेनात. ज्या दोरानं पूर्वी पंप निघे, त्याच दोरानं शेवटी मिस्तरी निघाला.

काठावर टेकत तो म्हणाला, "पंपले दुसरा वायसर भेटस. मन्हा गुडघाले नही. आते मन्हाथून नही उतरावस."

विहिरीत डोकावलं तरी बन्सीलालला भोवळ येई. तो दोन पावलं मागं सरला. त्याची बायको जसोदाबाई गड्यांबरोबर दोर धरून उभी होती. तिनं पदर खोचला.

"पाना मन्हाकडे द्या, लोटनभाऊ."

बाईमाणसाचं हे काम का, असं बन्सीलाल पुटपुटला, तोवर ती चार पायऱ्या उतरलीही होती.

तिला शिकवायला इंजिन पुन्हा बंद केलं. लोटन वरून सांगत गेला, ती बोल्ट सैल करत गेली, पुन्हा आवळत गेली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं कामाच्या वेळी विहीर वरून पाहिली. आत किती अंधार असतो ते त्याला आज दिसलं, आणि त्याचे डोळे भरून आले.