पिलांच्या शेडवरचा पडदा

मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडाल. मुरडा, माझी ना नाही. मी एक जुना गोणपाटाचा पडदा आहे. चार ठिकाणी फाटलेला, धुराचा आणि कोंबड्यांच्या घाणीचा वास मारणारा. पण मी जे डोळ्यांनी पाहिलं ते रेशमी पडद्यांच्या वाट्याला यायचं नाही, म्हणून हातातलं काम बाजूला ठेवा आणि माझं ऐका.

जन्मानं मी पोतं. एक नव्हे, चार-सहा पोती. परभणीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आम्ही ज्वारी पोटात घेऊन हमालांच्या पाठीवरून फिरलो. त्यांचे लोखंडी आकडे अंगात रुतायचे, पण भरल्या पोटाला कशाचं काही वाटत नाही. जुने झालो तसे ताडकळसच्या आठवडी बाजारात ढिगात येऊन पडलो. लोक चिखलाचे पाय आम्हाला पुसायचे. त्या ढिगातून मला मनिषानं उचललं.

मनिषा ताडकळसचीच सून. तिनं पोती उसवली, धुतली, उन्हात कडक वाळवली आणि दाभणात सुतळी ओवून एकमेकांना जोडली. ती शिवत असताना तिची लेक संघप्रिया माझ्यावर लोळायची. चिमुरडी पोर, पण श्वास घेताना छातीतून बारीक शिट्टी वाजायची. मनिषा मधेच सुई थांबवून ती शिट्टी ऐकायची आणि पुन्हा टाका घालायची.

त्या शिट्टीपायीच हा सगळा खटाटोप होता. दसरा झाला की मनिषा आणि तिचा नवरा नागेश ऊसतोडीला जायचे. जोडीनंच जावं लागतं तिथं. मागच्या वर्षी पोरीला सोबत नेलं होतं. तिथल्या कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, चुलीचा धूर, बाहेर उसाच्या पाचटाची धूळ. पोरीचा दम असा काही अडकला की हातची जाते की काय असं झालं. डॉक्टरांनी सांगितलं, हिला पुन्हा इकडं आणू नका. म्हणजे आता एकच राहिलं होतं. आईबापानं जायचं आणि लेकरानं पाच-सहा महिने मागं राहायचं.

मनिषाला ते नको होतं. परभणीला बायकांच्या शिबिरात ती गावरान कोंबडीची पिल्लं वाढवायला शिकून आली. ही पिल्लं जगली, विकून चार पैसे आले, तर मनिषा घरीच राहणार होती. नागेशनंही तोडणीची टोळी नेणाऱ्या मुकादमाला निरोप दिला, "यंदा आमचा कोयता धरू नगा." तिकडं नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. एवढंसं त्या पिलांचं अंग, आणि त्यांच्यावर एवढं मोठं ओझं.

घरामागं पत्र्याचं शेड उभं राहिलं. बाजूंना जाळी, जमिनीवर भुसा, वर पिवळा बल्ब. जाळीवर मी. मनिषानं माझी खालची कड घट्ट बांधली आणि वर मात्र हातभर फट ठेवली. खाली ऊब राहावी, वरून कोंदट हवा निघून जावी, असा तिचा हिशेब. मग खोक्यातून पिल्लं आली, अंड्यातून कालच बाहेर पडलेली. भुशावर सोडली तशी सगळी चिवचिवत बल्बाखाली गोळा झाली. मित्रांनो, धान्य खूप सांभाळलं मी, पण जिवंत काही सांभाळायची ही पहिलीच वेळ. मी किती फुगलो होतो म्हणून सांगू.

आता सुलाबाईची ओळख करून देतो. ही मनिषाची सासू. गावातली निम्मी लेकरं हिच्या हाताखाली न्हालेली. बाळ जन्मलं की सुलाबाईला बोलावणं यायचं. ती न्हाऊ घालायची, खोलीची दारं-खिडक्या लावायची आणि शेगडीवर ओवा, शेपा, लसणाची सालं टाकून बाळाला धुरी द्यायची. तिची माया खोटी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं ऐकून तुम्ही तिला नावं ठेवाल म्हणून सांगतो.

माझ्या वरची फट तिच्या डोळ्यात पहिल्याच दिवशी सलली.

"मनिषा, बाळंतिणीच्या खोलीला कुनी अशी फट ठिवतंय व्हय? कालची पिल्लं हायत ती. गार वारं लागंल त्यांला."

"वारं त्यांच्या अंगावर न्हाई येत आत्याबाई, वरच्या वर जातंय. कोंदलं तर छाती भरती त्यांची."

"तुमच्या शिबिरातल्या बायांनी किती बाळंतपणं केली?"

मनिषा हसली. सुलाबाईही हसली, पण नजर फटीवरच होती.

आणि नेमकं तेव्हाच पाथरीहून मनिषाच्या भावाचा फोन आला. आई पाय घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं. नागेश मनिषाला मोटारसायकलवर घेऊन निघाला. जाता जाता ती सासूला म्हणाली, "लाईट गेली तर कोळसे बाहेर फुलवा, धूर पार गेल्यावर आत ठिवा. भुसा वल्ला झाला की बदला. अन् ती फट तेवढी बुजवू नगा."

"जा गं बाई, बिनघोर जा. लेकरं वाढवलीत म्या."

दुसऱ्या दिवशी आभाळ आलं. बोचरा वारा सुटला आणि लाईट गेली. पिल्लं एकमेकांना चिकटून बसली. सुलाबाईचा जीव खालवर झाला. तिनं माझी वरची कड ओढली, दोरीनं आवळली, उरलेल्या फटीत जुनं लुगडं कोंबलं. मग गोवऱ्यांची शेगडी आत ठेवली आणि तिच्यावर ओवा टाकला. धूर भरला. बाहेर जायला त्याला वाटच नव्हती.

सकाळी दोन-चार पिल्लं शिंकली. सुलाबाईला वाटलं, सर्दी झाली. म्हणून तिनं धुरी वाढवली. संध्याकाळी आणखी शिंकली, तिनं आणखी वाढवली. खाली भुसा ओला होऊन त्याचा उग्र वास सुटला, डोळ्यांना झोंबणारा. हवा लागेल या भीतीनं ती तो काढायलाही धजेना. दाराच्या फटीतून हात घालून एकेका पिलाला पदरात घ्यायची आणि त्याच्या पाठीवरून बोट फिरवायची. "निजा माय, निजा," म्हणायची. माझ्या धाग्याधाग्यात तो धूर मुरत होता आणि मी गच्च बांधलेला होतो. इतका हताश मी हमालाच्या आकड्याखालीही झालो नव्हतो.

मनिषा चार दिवसांनी नागेशसोबत परत आली. पिशवी अंगणात टाकून तिनं आधी माझी दोरीच तोडली. धुराचा लोट बाहेर पडला. आत पिल्लं माना ताणून, चोची उघडून हवा ओढत होती. प्रत्येकाच्या गळ्यातून घरघर येत होती. बरीचशी भुशावर आडवी झाली होती. जनावरांचे डॉक्टर आले, औषध दिलं आणि म्हणाले, "धुरानं अन् कोंदट हवेनं छात्या गेल्यात. आता वाचतील तेवढी आपली." आठवडा संपायच्या आत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली.

मनिषा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. भुसा ओढता ओढता एवढंच म्हणाली, "त्यांला हवा पायजे होती, आत्याबाई."

"लेकरावानी केलं गं म्या," सुलाबाई म्हणाली. "आपल्या संघूला केलं, तसंच केलं."

घरात संघप्रिया खोकली. सुलाबाईचा चेहरा उतरला. ती घराकडं वळली.

"मनिषा, मंग तिची छाती बी..."

"तसं कुनी सांगितलंय का आत्याबाई," मनिषा म्हणाली. पण सासूकडं न बघता म्हणाली.

पिल्लं गेली तसं घरी राहणंही गेलं, आणि नागेशनं मुकादमाला पुन्हा निरोप धाडला. त्यानंतर मुकादमाचा शेवटचा ट्रॅक्टर गावात आला. नागेशनं भांडी, कोयते, अंथरूण वर चढवलं. मनिषानं लेकीची वेणी घातली, सोडली आणि पुन्हा घातली. पोरीनं विचारलं, "माय, कदी येशील?" मनिषा वेणीची गाठ आवळत राहिली. नागेशच म्हणाला, "पट्टा पडला की येतो, बाळा." कारखाना बंद होईपर्यंत, असा त्याचा अर्थ. पोरीला तो कळला नाही, तिनं मान मात्र हलवली.

मित्रांनो, नव्या जिवाला ऊब द्या, पण त्याच्या नाकासमोरची हवा कोंडू नका. पिलांचा भुसा कोरडा ठेवा, धूर दूर ठेवा, माझ्यासारखा पडदा असेल तर वरून मोकळा ठेवा. ज्याच्यावर माया करता त्याला श्वास घेता येतोय का, ते आधी बघा. सुलाबाई आता चूल अंगणात पेटवते आणि कितीही गारठा असला तरी नातीच्या उशाशी खिडकी उघडी ठेवून स्वतः वाऱ्याच्या बाजूला बसते. पोर तिच्या कुशीत रोज विचारते, माय आज येईल का. सुलाबाई रोज म्हणते, आज नाही.