जोडसायकलीचा रास्त भाव

बहिरूकाकांनी लासलगावच्या मार्केटात तीस वर्षं कांद्याचा लिलाव पुकारला. त्यांनी ट्रॉलीवर चढून आवाज दिला की तिकडे मनमाडला उभी असलेली मालगाडी शिट्टी समजून सुटायची, असं ते स्वतःच सांगत. कांद्याचा भाव त्यांना नुसत्या वासावर कळे. पण नाशिकरोडला, जेल रोडच्या घरासमोर उभ्या असलेल्या दोन सीटच्या सायकलीचा भाव काही केल्या ठरेना.

ती दुकानातली नव्हतीच. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेणू वेल्डरने दोन जुन्या सायकली कापून ही एक जोडली. पुढे काका, मागे कुसाबाई. दर रविवारी सोमेश्वर, नाहीतर पांडवलेणी. एकदा तर अंजनेरीच्या उतारावर एसटीला असं मागे टाकलं म्हणे, की कंडक्टरने खिडकीतून हात जोडले.

आता कुसाबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. नातीने, आरोहीने, मोबाईलवर सायकलीचा फोटो टाकला आणि गंगापूर रोडच्या एका कॅफेवाल्याचा फोन आला. बारा हजार देतो, भिंतीला टांगतो, सीटवर कुंड्या ठेवतो. संध्याकाळपर्यंत सांगा.

"भिंतीला टांगायला ती काय घोरपड हाय?" कुसाबाई ओसरीवरच्या खाटेवरून म्हणाल्या. "चालवणाऱ्याला द्या."

"बारा हजार हायेत, कुसे! पस्तीस वर्षं तुला ओढली. त्या घामाचं काही मोल?"

तेवढ्यात तोच फोटो बघून ललित आणि मनाली आले. नवीन लग्न झालेलं, दोघं अंबडच्या कारखान्यात कामाला. दोघांनी सायकलीवर बसून अंगणात एक चक्कर मारली, तुळशीला धडकले आणि खूप हसले.

"काका, पाच हजार जमतील," ललित म्हणाला.

"पाच? अरे, हिची घंटाच पाच हजारांची. तिच्या आवाजाने देवळालीचे लष्करी घोडे सलाम करायचे." काका खुर्चीत पुढे सरकले. "हे बघ, आपला व्यवहार मार्केटचा. वरचा कांदा बघून बोली लावायची. मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर ट्रॉली रिकामी करायची. खालचा माल हलका निघाला तर भाव तोडायचा. कर उलटी सायकल. खोट निघाली तर तोड, नाही निघाली तर बारा दे."

ललितने सायकल उलटी केली. चेन ठीक, रिम ठीक, वेल्डिंग तर लोखंडी पुलासारखं. मनाली मात्र वाकून पेडल बघत राहिली.

"काका, पुढचे पेडल नवीन टाकलेत का?"

"छट्! चारही गेणूने बसवलेले. एक बदललेला नाही."

"मग पुढच्यांच्या रबराला अजून रेघा आहेत, आणि मागचे पार लोखंडापर्यंत कसे झिजले?"

काका खुर्चीतून उतरून पेडलशी उकिडवे बसले. कुसाबाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

"पहिल्या रविवारपासून ठाऊक हाय मला. चढ लागला की यांचे पाय नुसते गोल फिरायचे."

"मग बोलली का नाहीस?" काकांनी हळूच विचारलं.

"तुम्ही गोष्टी सांगत व्हता ना. भुताची, वाघाची, त्या उडत्या रेड्याची. तुम्हाला दम लागला असता, तर मला कुणी सांगितल्या असत्या? घरी असताना तुमच्या तोंडाला कुलूप. पांडवलेणीच्या चढावरच काय ते बोलायचात."

काका बराच वेळ त्या झिजलेल्या पेडलवर अंगठा फिरवत बसले. मग उठून पायरीवर चढले आणि दोन गल्ल्या ऐकतील असा पुकारा केला, "पुढचा माल हलका निघाला हो! बारा सोडले, पाचातलेही हजार तोडले! घाम कुसाबाईंचा, त्यांची मंजुरी?"

"मंजूर," कुसाबाई म्हणाल्या. "चार हजार. अन् पोरी, मागं बसलीस तर पुढच्याला गप्प बसू देऊ नकोस."

"मी पुढे बसणार आहे, आजी," मनाली म्हणाली.

"मग तर पोराची मजा हाय, पेडल मारत गोष्टी ऐकंल!"

डुलत डुलत सायकल जेल रोडला लागली. काका फाटकाशी उभे राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. मग त्यांनी कॅफेवाल्याला फोन लावला.

"सायकल गेली, साहेब. काय सांगू, दोन गिऱ्हाइकं हातघाईवर आली. पंचवीस हजारांवर सौदा झाला."

फोन ठेवला तसा मागून आवाज आला, "तीस सांगायचे व्हते."

काका वळले आणि कुसाबाईंच्या खाटेवर, पायाशी, जागा करून बसले. "तीसच मिळत होते गं. पण झालं काय, त्यातल्या एका गिऱ्हाइकाकडे होता वाघ…"