टक्कल पडलेली बाजू

टेबल टेनिसमध्ये हल्ला करायचा तो फोरहँडनेच, हे ताईने धाकटीच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. त्यामुळे जोरदार फिरकीचं ते नवं रबर ती फोरहँडसाठी, लाल रंगातच घेणार होती. दुकानात जुनी बॅट काउंटरवर ठेवली, तेव्हा कुठे तिचं लक्ष गेलं. दोन्ही रबरं एकाच दिवशी लावलेली. तरी लाल बाजू नवी करकरीत आणि बॅकहँडच्या काळ्या बाजूला पार टक्कल पडलेलं.

"ताई, असं कसं गं?"

ताई ओशाळली. "तुझा बॅकहँड कच्चा, म्हणून मी मुद्दाम तिकडेच चेंडू टाकायचे."

"आणि हल्ली मी तिकडूनच तुला धुते!" धाकटी दुकानदाराकडे वळली. "काका, लाल नको, काळं द्या."

ताईने कपाळाला हात लावला. "आता माझं काही खरं नाही."