पाणी सांडलं नाही म्हणून

मी पेला. होय, पेलाच बोलतोय, साधा स्टीलचा, काठाला पोचा आलेला. आणि बोलणार म्हणजे बोलणारच. इतकी वर्षं माझ्या नावावर लोकांनी हवं ते खपवलंय.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याची चकती यंत्राखाली गेली, वरून दणका बसला आणि मी आकाराला आलो. माझा जोडीदारही त्याच पत्र्यातला. दुकानाच्या फळीवर आम्ही एकात एक बसून स्वप्नं बघायचो. कुणाच्या तरी घरी जाऊ, पाहुण्यांपुढे मिरवू, तहानलेला माणूस घटाघटा पिऊन "हाश्श" करेल. झालं भलतंच! एका नर्सबाईंनी आम्हाला उचललं आणि थेट दवाखान्याच्या तपासणीच्या खोलीत आणून ठेवलं. ज्यांचे हात थरथरतात, माना वळतात, पाय अडखळतात, त्यांची ही खोली.

काम काय, तर एकात पाणी भरायचं आणि पेशंटने ते दुसऱ्यात ओतायचं. हात कसा हलतो ते डॉक्टर बघणार. मग पाणी बेसिनमध्ये. पिणार कुणीच नाही.

माणसं मात्र जवळून बघितली. एका शिंपीकाकांचा हात मला जोडीदाराजवळ नेताना असा थडथडायचा की आमचा नुसता टणटणाट. एका आजोबांचा हात मांडीवर असला की थरथरे आणि मला उचललं की शांत. सोबतच्या नातेवाइकांचं पालुपद एकच: "सावकाश! सावकाश!" अहो, सावकाश करणं पेशंटच्या हातात असतं तर तो इथे कशाला आला असता? वर सांडलेल्या पाण्यासाठी माफी मागायची तीही त्यानेच. मला भारी चीड यायची.

तपासणी झाली की डॉक्टर संगणकाकडे वळतात. तिथे प्रत्येक आजाराला एक कोड असतो, अक्षर आणि आकडे. एकदा तो पडला की माणसाच्या आधी तोच पुढे जाऊन पोचतो, ऑफिसात, विम्याकडे, दुसऱ्या डॉक्टरांकडे. चुकीचा पडला तर निस्तरता निस्तरत नाही.

एकदा नणंद-भावजय आल्या. भावजय कॉलेजच्या ऑफिसात प्रमाणपत्रांवर हाताने नावं लिहायची. ती मान खाली घालून बसली होती. बोलत होती ती नणंद.

"डॉक्टर, माझ्या वहिनीचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. आता पेन धरलं की हिची बोटं आवळतात, मनगट आत वळतं. साहेब म्हणतात, भाजी चिरता येते, कपडे पिळता येतात, मग लिहितानाच बरं हात वळतो? हाताचा आजार असल्याचा कागद आणा, दुसरं टेबल देतो. नाहीतर कामचुकार म्हणून घरी बसा."

तरुण डॉक्टरांनी मला भरलं आणि भावजयीच्या हातात दिलं. तिने सगळं पाणी जोडीदारात ओतलं. थेंबही सांडला नाही.

"हात ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "उगाच ताण घेताय तुम्ही." आणि संगणकात मनाच्या आजारांच्या खणातला एक कोड टाकून मोकळे झाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी असं म्हटलंच नव्हतं! हिला पाणी ओतता येतं, एवढंच मी सांगितलं होतं. पण पेल्याचं ऐकतो कोण?

तेवढ्यात भावजयीने मान वर केली आणि मला टेबलाच्या कडेवर असं आदळलं की काठाला पोचा पडला.

"डॉक्टर, माझी नोकरी पाणी ओतायची नाही. लिहायची आहे. पेन द्या."

"द्या की!" नणंद म्हणाली. "पेन द्यायला काय जातंय तुमचं?"

पेन दिलं. पहिलं अक्षर कसंबसं उमटलं. दुसऱ्याला बोटं आवळली, मनगट आत वळलं आणि टोक कागद फाडून आरपार गेलं. तिच्या कपाळावर घाम आला. तरुण डॉक्टर उठले आणि शेजारच्या खोलीतून मोठ्या डॉक्टरबाईंना घेऊन आले.

बाईंनी तिला डाव्या हाताने लिहायला लावलं. तर रिकामा उजवा हात आपला आपणच वळायला लागला!

"मला हेच बघायचं होतं," बाई म्हणाल्या. "लिहितोय डावा, वळतोय उजवा; असं ठरवून करता येत नाही. हा लिहिण्याचा पेटका. मेंदू हाताला जो हुकूम देतो तोच बिघडतो, आणि तोही फक्त लिहिताना. आहे हा आजार."

तरुण डॉक्टरांनी पहिला कोड खोडला, "लिहिण्याचा पेटका" असं टाकलं आणि कागद छापला. नणंदेने तो वाचला आणि भडकली.

"अहो, यात परत मनोविकारच आलाय!"

बाईंनी कागद बघितला. "पूर्वी याला तसंच समजायचे. नुसतं नाव टाकलं की आपला संगणक अजून त्याच खणात नेतो. " मग त्या तरुण डॉक्टरांकडे वळल्या. "अरे बाबा, मनाचा आजारही खराच असतो, पण जे नाही ते लिहायचं नाही. पूर्ण लिही. मेंदूमुळे होणारा हालचालीचा विकार, डिस्टोनिया, फक्त लिहिताना दिसणारा. आणि पाणी ओतताना हात स्थिर होता, तेही लिही."

माझी साक्ष पहिल्यांदाच जशीच्या तशी कागदावर आली.

भावजयीने नवा कागद नीट वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला. "पाणी मिळेल?" तिने विचारलं. तरुण डॉक्टर बाटली शोधायला लागले. ती थांबलीच नाही. तिने जोडीदारातलं पाणी माझ्यात ओतलं, त्यांच्याकडे बघत बघत ओतलं, आणि घटाघटा पिऊन "हाश्श" केलं. काय सांगू, मला तर भरूनच आलं.

पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा नणंदेने सांगितलं, साहेबांनी तोंड वाकडं केलं, पण दुसरं टेबल दिलं.

आता पोचा पडलाय म्हणून नर्सबाई मला भंगारात टाकायला निघाल्या आहेत. माझ्या जागी नवा गुळगुळीत पेला येईल. जरूर येऊ दे, पण त्याला येतं तेवढंच त्याला विचारा. बाकीचं त्या माणसाला विचारा, तो समोरच बसलेला असतो. आणि माझी कीव करू नका. पेल्याच्या जन्माला आलो, एकदा का होईना, पेला होऊन दाखवलं.