तीनशे साठावा बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा बिल्ला आहे. वय दोनशे तीस वर्षं. स्वतःची गोष्ट सांगायला बसलं की चार गुण आधी सांगावेत अशी रीत आहे. माझ्याकडे मात्र सांगण्यासारखं मुख्यतः एकच आहे आणि त्याची मला लाज वाटते. तरी सांगतो, कारण जुनी नाणी जमवणारे लोक माझं फार कौतुक करतात आणि ते ऐकून तुमचा गैरसमज होऊ नये.

सतराशे त्र्याण्णव साली समुद्रकाठच्या पोर्टगार्वी गावच्या लोहाराने दगडी साच्यात शिसं ओतलं आणि आम्ही तीनशे साठ भाऊ एका दुपारी जन्मलो. एका अंगाला गावाची दोन अक्षरं आणि साल, दुसरं अंग कोरं. मी नाणं नव्हे. माझ्यावर राजाचं डोकं नाही, आणि मला देऊन बाजारात कुणी एक हेरिंग मासासुद्धा दिला नसता. पण गावातल्या ख्रिस्ती देवळात वर्षातून दोनदा प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत एका मेजाला बसून भाकरी खाण्याचा विधी असे, तेव्हा माझ्यावाचून कुणाचं पान हलत नसे. आधीच्या आठवड्यात मंडळीचे पंच घरोघर जात. कोण शेजाऱ्याशी भांडलं, कुणी रविवारी काम करून तो पवित्र दिवस मोडला, सगळी चौकशी होई. जो योग्य ठरे त्याच्या हातावर शनिवारी एक बिल्ला ठेवला जाई. रविवारी देवळात पांढरी चादर घातलेलं लांबलचक मेज मांडत. त्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या पंचाला बिल्ला द्यायचा आणि भाकरीला बसायचं. बिल्ला नाही, तर जागा नाही.

अठरा वर्षं मी हे काम इमानाने केलं. अंगठ्याच्या नखाएवढा जीव, पण मला गर्व झाला होता, हे कबूल करतो. माणसं मला मुठीत घट्ट धरत. मुठी घामेजत. मला वाटे, मी आहे म्हणून यांची इज्जत आहे.

अठराशे अकरा साली मी एल्स्पेट रियाखच्या हाती आलो.

एल्स्पेट गावातली जाळी विणायची आणि फाटलेली सांधायची. माघात तिचा नवरा होडीसकट बुडाला होता. दुःख कमी होतं म्हणून की काय, गावाने कुजबुज सुरू केली, की तिने एका रविवारी गळांना आमिष लावलं, म्हणून समुद्राने नवरा नेला. होड्यांवरचे लोक तिच्याकडे जाळी पाठवेनासे झाले. पंचांनी चौकशी केली. आरोप खोटा निघाला. शनिवारी विल्यम गॉल्ट नावाचे पंच स्वतः तिच्या दारात आले.

"घे, एल्स्पेट," ते म्हणाले. "तुझ्यात काही खोट नाही. उद्या सगळ्यांसमोर मेजाला बस, म्हणजे तोंडं बंद होतील एकेकाची."

"बसते, विल्यमदादा," ती म्हणाली. "माझ्यासाठी नाही हो. पोरीला या गावात राहायचंय."

तिने मला स्कर्टाच्या आत बांधलेल्या खिशात टाकलं. मित्रांनो, साऱ्या गावाची भोकं सांधणाऱ्या त्या बाईच्या स्वतःच्या खिशाला भोक होतं. रविवारी देवळाची चढण चढताना मी त्यातून निसटलो आणि खाली स्कर्टाच्या काठाच्या दुमडीत जाऊन बसलो. पट्ट्यापट्ट्यांचं जाड लोकरी कापड, त्यात मी ऐसपैस. मला वाटलं, जागा बरी आहे. हा विचार आठवला की आजही जमिनीत गडप व्हावंसं वाटतं.

मेजाच्या टोकाशी दुसरेच एक पंच उभे होते. त्यांनी हात पुढे केला. एल्स्पेटने खिशात हात घातला. काढला. परत घातला.

"आहे हो. इथंच होता. थांबा जरा."

"मागे लोक आहेत, बाई."

"आहे माझ्याकडे! आत्ता नुसता सापडत नाहीये. थोडं थांबा ना."

"ज्यांच्याकडे असतो त्यांना शोधावा लागत नाही. बाजूला व्हा."

मी तिच्या घोट्यापासून चार बोटांवर होतो. मला ओरडता येत नव्हतं. पण तिसऱ्या बाकावर विल्यम गॉल्ट बसले होते आणि त्यांना तोंड होतं. "मी दिलाय तिला" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. त्यांनी स्तोत्रांच्या पुस्तकात मान घातली. का, ते मला अजून कळलेलं नाही. देवळात मध्येच बोलायचं नसतं, एवढंच कारण असेल कदाचित. एल्स्पेट सगळ्या बाकांमधून चालत बाहेर गेली. तिची सात वर्षांची पोर जीन मागोमाग धावली.

सोमवारी कपडे धुताना मी तिला सापडलो. शेजारीण ओरडली, "अगं, जा ना! पळत जा आणि देवळातल्या पाळकाच्या नाकासमोर धर!"

एल्स्पेटने मला बराच वेळ तळहातावर ठेवलं. मग म्हणाली, "काल माझ्यासाठी कुणी घटकाभर थांबलं नाही. आज मी कशाला पळू?"

तिने मला बटणांच्या डब्यात टाकलं. पुढे एकतीस वर्षं ती दर रविवारी देवळात गेली, शेवटच्या बाकावर बसली. प्रभुभोजनाच्या रविवारी मात्र घरी राहिली. जीनही तशीच. डब्याचं झाकण उघडून एल्स्पेट बटण शोधायची तेव्हा मी तळाशी सरकायचो.

त्या रविवारनंतर चारच वर्षांनी नव्या पाळकाने नवे बिल्ले करायचे ठरवले आणि माझे सगळे भाऊ वितळवले. मी उरलो.

आता मधली वर्षं सोडतो, कारण डब्यात दुसरं काही घडत नाही. रियाखांच्या घराण्यातली शेवटची बाई वारली, घरातल्या सामानाचा लिलाव झाला आणि तो डबा विल्मा मच्च हिने उचलला. विल्मा शाळेतल्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. तिला जुन्या नाण्यांचं वेड होतं. टेबलावर जाड टॉवेल पसरून तिने डबा उपडा केला आणि आम्ही घरंगळलो. नाणं हातातून पडून ठेचू नये म्हणून टॉवेल, हे मला नंतर कळलं. या लोकांचे नियमच निराळे. नाणं कडांना धरायचं, चेहऱ्याला बोट लावायचं नाही. कितीही मळकं असलं तरी घासायचं नाही. घासणाऱ्याला ते खुनी समजतात. विल्मा तिचा खजिना केकच्या साच्यात ठेवायची, बारा खळग्यांत बारा. माझ्या शेजारी चाकासारखी जाडजूड पेनी होती, पलीकडे चिमुकला पक्षी कोरलेलं फार्दिंग, म्हणजे पाव पेनीचं नाणं, आणि एका खलाशाने गुळगुळीत घासून त्यावर "मेरीला" असं कोरलेलं एक नाणं. त्याला घासल्याबद्दल सगळ्यांनी माफ केलं होतं. विल्मा रोज चहाच्या आधी एकेकाला बाहेर काढून बोलायची. "काय म्हणतेस, जाडे?" हे पेनीला. मला ती "करड्या" म्हणायची. दोनशे वर्षांत मला प्रथमच कुणी नाव दिलं होतं आणि मला ते आवडलं. त्याचीही आता लाज वाटते.

तिचा मित्र डॉड इमलाख निवृत्त बसचालक. गळ्यात दोरीला भिंग अडकवून फिरायचा, खिशात इवलासा तराजू. जिल्ह्याच्या नाणेमंडळात दरवर्षी प्रत्येकाने एकच वस्तू मांडायची असते आणि सर्वांत दुर्मीळ वस्तूला वर्षभरासाठी लाकडी ढाल मिळते. डॉडने ती चारदा नेली होती. विल्माने अकरा वर्षांत एकदाही नाही.

एके दिवशी तो पोर्टगार्वीच्या पंचांच्या जुन्या वहीच्या छायाप्रतींचा गठ्ठा घेऊन धापा टाकत आला.

"विल्मा, बस खाली. नाही, आधी हातातलं लोणी पूस, मग बस. हे ऐक. 'जुने बिल्ले वितळवले. तीनशे साठांपैकी एक कमी.' एक कमी, बये! तोच हा तुझा करड्या! जगात दुसरा नाही!"

"थापा मारू नकोस, डॉड."

"माझ्या ढालीवर हात ठेवून सांगतो."

"तुझी ढाल माझ्याकडे येणारे आता. पुसून ठेव चांगली."

आणि खरंच आली. मला काळ्या मखमलीवर ठेवलं होतं. चाळीस जण रांगेने येऊन वाकून बघत होते. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की हा बिल्ला कुणीतरी हरवला नसता तर आज तो आपल्याला दिसलाच नसता. कुणीतरी मागून ओरडलं, "बरं झालं हरवला!" सगळे हसले. डॉड हसला. ढाल छातीशी धरून विल्माही हसली. आणि मला मखमलीवर एल्स्पेटची चाल ऐकू येऊ लागली, बाकांमधून बाहेर जाणारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी विल्माने तो गठ्ठा सहज चाळायला घेतला. अठराशे अकरावर तिचं बोट थांबलं. तिने मोठ्याने वाचलं: "विधवा एल्स्पेट रियाख बिल्ल्याशिवाय मेजाशी आली. विचारले असता म्हणाली, आहे, पण सापडत नाही. परत पाठवली." तिने बटणांच्या डब्याकडे पाहिलं. झाकणाच्या आत रियाख हे नाव खरवडलेलं होतं. ती लाल झाली. अगदी कानांपर्यंत. मग ढाल उचलून तिने भिंतीकडे तोंड करून ठेवली.

डॉडला कळल्यावर तो संतापला. "काय? देवळात देऊन टाकणार? अगं, तू तर नाताळलासुद्धा देवळात जात नाहीस!"

"मी हसले, डॉड. 'बरं झालं हरवला' म्हटल्यावर मी हसले. तूसुद्धा."

डॉडने भिंगाची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. "माहीत नव्हतं आपल्याला," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "किती वाजता निघायचंय? गाडी काढतो."

पोर्टगार्वीच्या देवळात आता लांब मेज नाही. बाकांवरूनच भाकरीचं ताट फिरतं, आणि बिल्ला कुणी मागत नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा सतरा माणसं होती. पाळक तरुण बाई, कॅट्रिओना मेअर. ताट निघण्याआधी विल्मा उठली, पुढे गेली आणि मला त्यांच्या हातावर ठेवलं.

"एल्स्पेट रियाखचा बिल्ला आहे. तिच्याकडे होता. द्यायला जरा उशीर झाला."

"किती?" पाळकबाईंनी विचारलं.

"दोनशे बारा वर्षं."

कुणी हसलं नाही. पाळकबाईंनी मला मुठीत घेतलं, ताट उचललं आणि विल्मा परत जाऊन बसल्यावर त्या तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेसमोर येऊन थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मागच्या बाकांवर लोक होते, पण कुणी घाई केली नाही.

ज्या कामासाठी मला ओतलं होतं ते त्या दिवशी पुरं झालं. आता मी देवळाच्या खणात किल्ल्यांसोबत असतो. डॉड अधूनमधून येऊन भिंगातून बघतो आणि उसासे टाकतो. मी सुटलो, असं तुम्हाला वाटेल. नाही सुटलो. ज्या हाताने मला द्यायचं होतं तो हात आता नाही, आणि जीनला त्या चढणीवर आईमागे धावताना मी ऐकलं आहे.

म्हणून मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जमवा. त्यांना कडांना धरा, घासू नका. पण तुमच्या वर्गात, दुकानात, बसमध्ये कुणी खिसे चाचपत म्हणालं, "आहे माझ्याकडे, सापडत नाहीये," तर तेवढं थांबा. त्याला शोधू द्या.