सुमती मॅडमच्या सीडीतलं गाढव

मी एक जुना माऊस आहे, पोटात गोळी असलेला. मित्रांनो, तुमच्या हातातल्या माऊसच्या पोटात लाल दिवा असतो. माझ्या पोटात रबराची चांगली वजनदार गोळी होती. ती फिरली की पडद्यावरचा बाण फिरायचा. माझे सांधे कुठल्या कारखान्यात जुळले ते मला ठाऊक नाही, पण मला कळू लागलं ते पुलगावच्या एका शाळेतल्या संगणक खोलीत. तिथे चपला बाहेर काढून यावं लागे आणि मला फुलाफुलांच्या कापडाखाली झाकून ठेवत. थाट नव्या नवरीचा! आमच्या भागात कापसाला काय तोटा? त्याचे तंतू माझ्या गोळीला चिकटायचे, मी अडखळायचो, मग सुमती मॅडम मला उलटं करून पिनेनं पोट साफ करायच्या. एवढे लाड झाल्यावर कुणीही शेफारेल. मीही शेफारलो होतो.

सुमती मॅडम गणिताच्या. दोन हजार तीनच्या सुमारास त्यांनी मनावर घेतलं की अपूर्णांकांची सीडी बनवायची. मुलांनी संगणकासमोर बसून आपलं आपण शिकावं, असा अख्खा अभ्यासक्रम. ती जिल्ह्याच्या शिक्षण खात्याला पसंत पडली तर आष्टीपासून हिंगणीपर्यंत, जिथे संगणक आहे पण गणिताचं माणूस नाही, अशा शाळांत जाणार होती. दोन उन्हाळे त्यांनी माझ्यावर हात ठेवून काढले. लग्नाच्या पंगती चुकवल्या, माहेरचा आंबरस चुकवला.

त्या सीडीत त्यांचं सगळ्यात लाडकं होतं एक गाढव. उत्तर चुकलं की ते पडद्यावर यायचं, दात काढायचं आणि ओरडायचं. ओरडणं मॅडमच्या यजमानांचं, म्हणजे कारकून श्रीनिवासरावांचं. आवाज घुमावा म्हणून त्यांनी न्हाणीघरात उभं राहून ओरडून घेतलं होतं. तेव्हा शेजारच्या वच्छलाबाई धावत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "बाई, श्रीनिवास बरा हाय न?"

सीडी खात्याकडे द्यायला थोडे दिवस उरले तेव्हा मॅडमनी आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांना बोलावलं. करून पाहा, काही चुकलं असेल तर सांगा, असा निरोप होता. आल्या आल्या सगळ्यांसमोर चहा आणि गरम आलूबोंडे आले. आता तुम्हीच सांगा, ज्याच्या घरचा बोंडा तोंडात आहे त्याच्या कामाला नावं कोण ठेवील? जो तो म्हणाला, "मस्त हाय मॅडम, एकदम झकास." गाढव आलं तेव्हा तर हसून हसून ठसका लागला. मॅडमचा चेहरा फुलला.

मला मात्र वेगळंच कळत होतं. तोंड काय, पाहुणचाराला जागतं. हाताला ते जमत नाही, आणि हात माझ्यावर होता.

सदाशिवराव मराठी शिकवायचे. वयानं सगळ्यांत मोठे, शाळेत दरारा असलेले. माऊस त्यांनी फारसा धरलेला नव्हता. त्यांना उत्तर येत होतं, पण पडद्यावरची बटणं इतकी जवळजवळ होती की बाण शेजारच्यावर सरकला. गाढव ओरडलं. खोली खदखदली, सदाशिवरावही हसले. पण त्यांचा तळहात मला ओला लागला. पुढचा प्रश्न आला आणि तो हात हलेना. मी थांबलो, म्हणून बाणही पडद्याच्या कोपऱ्यात तसाच थांबून राहिला. मग त्यांनी मला हळूच शेजारी बसलेल्या तरुण वेदश्री मॅडमकडे सरकवलं आणि म्हणाले, "तुम्ही करा, माह्या चष्म्याले नीट दिसून नाई राह्यलं."

सुमती मॅडमनी तो थांबलेला बाण पाहिला. अभिमानानं सांगतो, मला वाचा नाही, पण तेवढं मी बोललो होतो.

मग त्यांनी बशा उचलायला लावल्या आणि म्हणाल्या, "कौतुक पुरे. आता तुम्ही बोला, मी एक शब्द बोलणार नाही. माझी बाजूही मांडणार नाही."

वेदश्री मॅडम धीर करून म्हणाल्या, "बटणं लांब लांब पाहिजे, मॅडम. आणि सुरुवातीचं गाणं थांबवता येत नाई. दुसऱ्यांदा कंटाळा येते."

मॅडमनी मान डोलावली. इथवर सोपं होतं.

सदाशिवराव घसा खाकरून म्हणाले, "चुकलं तर चुकलं, त्याचं काई नाई. पण ते गाढव वरडलं का सगळी खोली आपल्याकडं पाह्यते. मी म्हातारा मानूस, मले दुसरं बटन दाबाचं भेव वाटलं. लेकरू काऊन दाबीन?"

सुमती मॅडमचे ओठ उघडले. ते गाढव गंमत म्हणून आहे, हे त्यांना सांगायचं होतं. दोन उन्हाळे डोळ्यांपुढे आले असतील, न्हाणीघरातले श्रीनिवासराव आले असतील. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण शब्द दिला होता, त्या बोलल्या नाहीत. मला त्या वेळी त्यांचा फार अभिमान वाटला.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघांनी सगळं पुन्हा रचलं. गाढव काढायचं बटण मीच दाबलं, त्यांच्या बोटानं. आता उत्तर चुकलं की पडद्यावर एक भाकर यायची आणि तुम्ही दिलेल्या उत्तराप्रमाणेच तिचे तुकडे व्हायचे. चतुर्थांश हा तृतीयांशाहून मोठा म्हणालात? बघा मग, दोन्ही तुकडे शेजारी ठेवून. गाणं आखूड झालं, बटणं लांब गेली. श्रीनिवासराव एवढंच म्हणाले, "चला, मी निवृत्त झालो."

सदाशिवराव पुन्हा आले. त्यांचं उत्तर चुकलं. ते भाकरीकडे पाहत राहिले, "अस्सं होय," म्हणाले आणि परत चुकले. वेदश्री मॅडमनी हात पुढे केला, "आणा इकडं, मी करते."

"थांबा न," ते म्हणाले, "मले समजून राह्यलं." आणि त्यांनी मला सोडलं नाही.

सीडी गेली, गावोगाव चालली, नावाजली गेली. पुढे लाल दिव्याचे माऊस आले, माझी गोळी कुणीतरी खेळायला नेली आणि मी कपाटात गेलो. त्याचं दुःख होतं, नाही कशाला म्हणू? पण रुखरुख नाही.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, हे तर प्रत्येक जुनी वस्तू सांगते. मी आणखी एक मागतो. कुणी आपलं काम विश्वासानं तुमच्यापुढे ठेवलं, तर 'छान' म्हणून हात झटकू नका. जिथे अडलात तिथे बोट ठेवा. आणि कुणी तुमच्या कामावर असं बोट ठेवलं, तर लगेच उत्तर देऊ नका. ज्याला तुमच्या कामाची काळजी नसते, तो बोंडा खाऊन घरी जातो.