तोंड नसलेलं यंत्र

दुकान नणंद-भावजयेचं. भाऊ गेला आणि मागे उरली ती ही खोली: भिंतीला लावलेल्या मांडण्यांत गेमच्या जुन्या डिस्क, पुढे काचेचा काउंटर, मागच्या टेबलावर पोट उघडून पडलेली यंत्रं, आणि या दोघी. नणंदेला सगळा बाजार आक्का म्हणायचा, भावजयेला वहिनी. आक्का पुढे बसून बोलायची. वहिनी मागे बसून यंत्रं खोलायची, त्यांची धूळ फुंकायची, तुटलेल्या तारा सांधायची.

"हिला तोंडच नाही," आक्का गिऱ्हाइकांना सांगायची. "देवानं हिच्या वाटणीचंही मलाच दिलं."

वहिनी मान वर न करता गुणगुणायची,

*नणंद माझी बोलकी, नाही तोंडाला ग दार,*
*भावजय मी भिंत, तिचा माझ्यावर भार.*

"ऐकलं हं मी!" आक्का ओरडायची. "भिंतीला कान असतात म्हणे. आमच्या भिंतीला जीभ आहे!" मग दोघी हसायच्या, आणि समोरचं गिऱ्हाईक काय घ्यायला आलं होतं ते विसरून जायचं.

नव्या कन्सोलची, म्हणजे गेम खेळायच्या नव्या यंत्राची, घोषणा झाली तेव्हा कंपनीने एकच चित्र दाखवलं. काळं, उभं, पाण्यातल्या दगडासारखं गुळगुळीत यंत्र, आणि त्याच्या कुशीला वरून खालपर्यंत एक बारीक रेघ. बाजारात दुसरा विषय उरला नाही. महाग किती असेल? तापेल का? इंटरनेट गेलं तर बंद पडेल का? पण सगळ्यांच्या जिवाला घोर एकच: घरातल्या जुन्या डिस्क त्यात चालतील का?

आक्काने चित्रावरच्या रेघेवर बोट टेकवलं. "ही काय डिस्क घालायची खाच! तोंड आहे त्याला. चालणार म्हणजे चालणार. माझा शब्द."

वहिनीला ती खाच वाटली नव्हती. दिव्याची पट्टी वाटली होती. पण चारचौघांत नणंदेचा शब्द खाली कसा पाडायचा? ती गप्प राहिली.

त्या शब्दावर लोकांनी डिस्क पिशव्या भरभरून विकत नेल्या. एका गवंड्याने तर घरचं जुनं यंत्रच आणून काउंटरवर ठेवलं. चुन्याने हात फाटलेला, भिंतीसारखा रुंद माणूस.

"हे तुम्ही घ्या, आक्का. याचे पैसे नव्याच्या किमतीतून वजा करा. पण माझी बोटींच्या शर्यतीची डिस्क चालेल ना नव्यावर? पोरगी सुट्टीला तिच्या आईकडून येते, तेव्हा आम्ही दोघं तीच खेळतो. बोलायला दुसरं काही नसतं हो आमच्याजवळ."

"पळेल! तुमची बोट विमानासारखी पळेल," आक्का म्हणाली.

मग कंपनीने यंत्र सगळ्यांसमोर आणलं. ती रेघ निळी उजळली. दिवाच होता तो. खाच कुठेच नव्हती. गेम आता फक्त इंटरनेटवरून घ्यायचे, तेही नवे. जुन्या डिस्कचं काय, यावर कंपनीने एक अक्षर काढलं नाही.

त्याच दुपारी दुकानात माणसं आली. आधी दोघं-तिघं, मग फूटपाथ भरला, मग दार. कंपनी दूर होती, तिला हात पोचत नव्हता. आक्का जवळ होती.

"तोंड आहे म्हणालात ना? दाखवा तोंड!"

"आमच्या तोंडाला पानं पुसली हिनं!"

"अहो, मी काय ते यंत्र बनवलंय?" आक्का म्हणाली. "मलाही चित्रच दाखवलं होतं. रागावता काय असे, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे?"

एरवी या बोलण्यावर हशा पिकला असता. आज कुणीतरी डिस्क गुडघ्यावर मोडली. कडकन आवाज झाला, आणि तो आवाज सगळ्यांना आवडला. दुसऱ्याने मोडली, तिसऱ्याने मोडली. मांडणी हलली, कलंडली, डब्यांचा ढीग पायांखाली आला आणि माणसं त्यावर नाचू लागली. एका बाईने काउंटरवरून वाकून आक्काचे केस मुठीत धरले आणि तिचं कपाळ काचेवर आपटलं. काच तडकली. पुन्हा आपटलं. काच फुटली. तुटक्या डिस्कचे इंद्रधनुष्यी तुकडे जमिनीवर चमकत होते, आणि त्यांच्यावर आक्काच्या कपाळाचं रक्त टपटप पडत होतं.

गवंडी कुणाला मारत नव्हता. तो गर्दी चिरत मागच्या टेबलापर्यंत आला.

"वहिनी, माझं यंत्र परत द्या. बाकी काही नको. पोरगी परवा येते."

वहिनीने टेबलाकडे पाहिलं. त्याचं यंत्र तिथेच होतं. नुसती पत्र्याची पेटी. डिस्क वाचणारा भाग तिने काढून दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या यंत्रात कधीच बसवला होता.

गवंड्याने ती पोकळ पेटी उचलली, हलवून पाहिली. आत काही वाजलं नाही.

"हिचंही तोंड विकलंत?" तो हळूच म्हणाला. मग ओरडला, "शब्द कुणी दिला होता? पुढे या!"

आक्का काचांमध्ये गुडघ्यांवर पडली होती. तिने डोकं वर केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिची जीभ टाळूला चिकटली. भीतीने.

तेव्हा वहिनी बोलली. सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी बोलली.

"मी दिला. ती खाच नाही हे मला कळलं होतं. मी तोंड उघडलं नाही. मारायचं तर मला मारा."

पेटीचा कोपरा तिच्या तोंडावर बसला. ओठ दातांवर फाटला, खालचे दोन दात तुटून जिभेवर आले. ती भिंतीला टेकली आणि भिंतीवरूनच खाली घसरली, मागे लाल पट्टा ओढत. गवंड्याने पेटी पुन्हा वर उचलली. मारायला की टाकायला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

आक्काच्या हाताला शटर ओढायचा लोखंडी आकडा लागला. ती उठली ती वादळासारखी उठली. पहिला घाव त्याच्या मनगटावर. पेटी पडली. दुसरा तिथेच. हाड मोडल्याचा आवाज डिस्क मोडल्यासारखाच होता. तो खाली बसला, हात पोटाशी धरून "आक्का, पुरे" म्हणाला. ती थांबली नाही. बोटं जमिनीवर पसरली होती, त्यांच्यावर तिने आकडा आपटला, पुन्हा आपटला. विटा रचणारी, बोट हाकणारी बोटं. वहिनीने जमिनीवरून सरपटत येऊन तिचा पाय धरला, तेव्हा कुठे आकडा हातातून गळला.

गर्दी पांगू लागली. काहींनी जाताना हाती लागेल ते उचललं. चालणार नाहीत हे माहीत असलेल्या डिस्कसुद्धा नेल्या.

दवाखान्यात तिघांना एकाच लांब खोलीत बसवलं. वहिनीच्या ओठांना काळ्या दोऱ्याचे टाके. गवंड्याचा हात फळीला बांधलेला, बोटं वांग्यासारखी सुजलेली. पोलिसाने विचारलं, "तक्रार कुणाची?"

आक्काने वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं. "कुणाची सांगू, साहेब? आपलेच दात, आपलेच ओठ."

गवंड्यानेही नकाराची मान हलवली. पोलीस निघून गेला.

भिंतीवरच्या टीव्हीत बातमी आली. लोकांच्या तक्रारींमुळे कंपनी नमली होती. डिस्क घालायचा एक वेगळा भाग ती काढणार होती. नव्या यंत्राच्या कुशीला जोडायचा, पैसे वेगळे.

"म्हणजे तोंड वेगळं विकणार, मेले!" आक्का म्हणाली.

वहिनीचे खांदे हलू लागले.

"हसू नकोस गं. टाके तुटतील. भिंतीला पुन्हा तडा जाईल."

समोरच्या बाकावरून गवंड्याने विचारलं, "आक्का, मग आता चालेल का ती बोटींची डिस्क?"

आक्काचं तोंड सवयीने उघडलं. 'चालणार म्हणजे' इतकं ओठांवर आलंही होतं. तिने ते गिळलं.

"मला माहीत नाही."

तो फळीवरच्या बोटांकडे बघत राहिला. "आणि ही चालतील?"

"तेही माहीत नाही, बाबा."

वहिनीच्या टाक्यांतून रक्ताचा एक थेंब आला. आक्काने तो बोटाने टिपला, आणि पुसायला काही सापडेना म्हणून बोट तसंच मुठीत धरून बसली.